हिशेबाची एक प्रत घराबाहेर ठेवा

चाटी गल्लीपासून एमआयडीसीपर्यंत सोलापुरातील चादर-टॉवेलवाल्यांची खतावणी आता संगणकात आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपावाच लागतो. म्हणून कित्येक व्यापारी घरच्या वाय-फायवर चालणारी बॅकअप ड्राइव्ह घेतात. हे योग्यच आहे. पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही.

ड्राइव्ह राउटरला केबलनेच जोडावी. संगणक, मोबाईल खुशाल वाय-फायवर राहू द्यावेत. मूळचा पासवर्ड ताबडतोब बदलावा आणि बाहेरून इंटरनेटवरून ड्राइव्ह उघडण्याची सोय बंद ठेवावी. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या ड्राइव्ह अनेक देशांत दुरूनच कोऱ्या केल्या गेल्या. कंपनीने त्यांच्यासाठी सुधारणा देणे 2015 मध्येच थांबवले होते.

शिवाय आग लागली वा चोरी झाली, तर संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही एकदमच जातात. म्हणून दर आठवड्याला साध्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत घेऊन ती दुसऱ्या जागी ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यातले जुने बिल उघडून पाहावे. खात्यात केवळ आपली येणी नसतात. विणकराची मजुरी आणि सूतवाल्याची बाकीही असते. ती त्यांची अमानत आहे.