डोक्याचा मार आणि खेळाचा मोह

गुडघा फुटला तर रक्त दिसते. मेंदूला हादरा बसला तर बाहेरून काहीच दिसत नाही. पुष्कळदा शुद्धही हरपत नाही. म्हणूनच ही दुखापत फसवी होय.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लायस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला. थोड्या विश्रांतीनंतर तो पुन्हा मैदानात उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. शस्त्रक्रियेने प्राण वाचले. परंतु बोलणे, उभे राहणे नव्याने शिकण्यात त्याची वर्षे गेली. त्याच्या कुटुंबीयांनी व डॉक्टरांनी केलेल्या खटपटीतून २००९ साली तेथे कायदा झाला: शंका येताच मुलाला खेळातून बाहेर काढावे आणि वैद्यकीय लेखी अनुमतीवाचून परत खेळवू नये. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी असे कायदे केले.

या कायद्याचे मर्म असे की, थांबण्याचा निर्णय त्याने मुलावर सोपविला नाही. संघाच्या प्रेमापोटी मूल ‘मला काही झाले नाही’ असेच म्हणणार! आपल्या शाळांतील कबड्डीच्या मैदानावर हा नियम पाळण्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहावी? तेथे शिक्षकाचा शब्द पुरेसा आहे. तो वेळीच उच्चारला मात्र पाहिजे.