बूट होताना दिसणारं ते लाल ‘फेल्ड’ नेमकं कुणाचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे चांगले धडधाकट लॅपटॉप भरपूर आहेत, आणि त्यातल्या काहींवर आता लिनक्स बसतंय. ओळखीत कुणी हा उद्योग केला की दोन दिवसांत मला एक फोटो येतो: काळी स्क्रीन, हिरव्या ‘ओके’च्या रांगेत एकच लाल ‘फेल्ड’. सोबत प्रश्न, “हार्ड डिस्क गेली का रे?”

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. त्या मशीनला कधी लागणारच नव्हती अशी एखादी सर्व्हिस डिफॉल्टने सुरू झालेली असते, आणि तिला हवं ते न मिळाल्याने ती पडते.

समजा, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू सर्व्हर टाकला. इन्स्टॉल करताना लॅनची केबल लावली होती, नंतर वाय-फायवर आलात. आता बूट होताना ‘नेटवर्क कॉन्फिगर होण्याची वाट बघतोय’ अशा अर्थाची ओळ येते, सेकंद पुढे सरकतात आणि १२० सेकंदांनी लाल ‘फेल्ड’. मशीन सुरू झाल्यावर बघावं तर इंटरनेट मस्त चालू! ही करामत ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ची. आपल्या ताब्यातलं प्रत्येक नेटवर्क कार्ड तयार होईपर्यंत थांबायचं, एवढंच तिचं काम. केबलच नाही म्हटल्यावर लॅनचं कार्ड तयार कसं होणार? नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहिलं की ती त्याच्यासाठी थांबत नाही. सर्व्हर रूममधल्या मशीनला मात्र ही वाट बघणं गरजेचं असू शकतं, कारण तिथे नेटवर्क आल्याशिवाय नेटवर्कवरची डिस्क जोडता येत नाही.

उबुंटू २०.०४ सर्व्हरमध्ये असाच एक प्रकार गाजला होता. एकाच डिस्कपर्यंत दोन वाटांनी पोचणाऱ्या मोठ्या स्टोरेजसाठी असलेली ‘मल्टिपाथडी’ तिथे डिफॉल्टने चालू. व्हीएमवेअरच्या साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तिला डिस्कची ओळख पटवणारा क्रमांक मिळायचा नाही, आणि दर काही सेकंदांनी लॉगमध्ये तीच तक्रार. डिस्क ठणठणीत, लॉग वाचणारा घामाघूम.

मग डिस्ट्रोवाले हे चालू का ठेवतात? कारण त्यांना समोरचं मशीन कुठलं हे माहीत नसतं. डेबियनची जुनी रीत अशी की पॅकेज टाकलं, म्हणजे ती सेवा तुम्हाला हवीच आहे, लगेच सुरू. उबुंटूनेही तीच उचलली. फेडोरा उलटं करतं: परवानगीच्या यादीत नाव नसेल तर सर्व्हिस बंदच. मला स्वतःला फेडोराची पद्धत पटते. नवख्या माणसाने ‘प्रिंटर का चालत नाही’ विचारलेलं परवडलं, ‘डिस्क गेली का’पेक्षा. आणि मुद्दा फक्त गोंधळाचा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कप्स-ब्राउज्ड’मध्ये गंभीर त्रुटी जाहीर झाली. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी ही सर्व्हिस यूडीपी ६३१ पोर्टवर कुणाचंही पॅकेट खरं मानत होती. तिच्यावरचा एक उपाय होता, प्रिंटर नसेल तर ती बंदच करा.

आता माझी फजिती. घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर मी बॅकअप ठेवतो. बाहेरच्या डिस्कवर, रोज रात्री. बूटला वेट-ऑनलाइनची लाल ओळ यायची. माहीत होतं, म्हणून सोडून दिली. एके दिवशी तिच्या खाली दुसरी लाल ओळ आली, तीही त्याच सवयीने सोडली. ती होती ‘डिव्हाइसची वाट बघून वेळ संपली’. यूएसबीची केबल ढिली झाली होती. एफएसटॅबमध्ये मीच ‘नोफेल’ लिहिलेलं, त्यामुळे बूट काही अडला नाही. बॅकअपची स्क्रिप्ट मग रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कवर, फाइली ओतत राहिली. तीन आठवडे! डिस्क भरली तेव्हा कळलं. आईबाबांचे सगळे फोटो त्या काळात एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर होते.

तेव्हापासून लाल ओळ दिसली की आधी ‘सिस्टमसीटीएल’ला ‘--फेल्ड’ लावून सर्व्हिसचं नाव बघतो, मग ‘स्टेटस’ने कारण. बंद करण्याआधी ‘लिस्ट-डिपेंडन्सीज’ला ‘--रिव्हर्स’ जोडून तिच्यावर कोण अवलंबून आहे तेही. ‘डिसेबल’ केलेली सर्व्हिस दुसऱ्या कुणाच्या मागणीवरून पुन्हा उठू शकते. ‘मास्क’ केलेली नाही. म्हणून मास्क सगळ्यात शेवटी. नेटवर्क मॅनेजर किंवा लॉगिनशी संबंधित काही असेल तर हात लावूच नका.

वेट-ऑनलाइनची ओळ त्याच दिवशी बंद केली, आणि डिस्क जोडलेली नसेल तर स्क्रिप्ट आता सुरूच होत नाही. परवा पुन्हा एक लाल ओळ आली. यावेळी एकटीच होती, त्यामुळे वाचली. परत तीच यूएसबी केबल.