‘मानवी चूक’ म्हणे!

मंडळी, काही शब्द असे असतात की ते उच्चारले की पुढचे प्रश्नच बंद होतात. ‘मानवी चूक’ हा त्यातलाच एक.

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं. जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने निष्कर्ष सांगितला : दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान हरपलं आणि धडधाकट यंत्र डोंगरावर आदळलं. बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या समितीच्या अहवालात अपघातांचं कोष्टक आलं. त्यात कारणाच्या रकान्यात काय, तर मानवी चूक! झालं. मथळे तेवढेच झाले.

माझं भांडण आहे ते या रकान्याशी.

वैमानिक चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. चुकतात. पण जमिनीलगत उडणाऱ्या हेलिकॉप्टरात चूक सुधारायला वेळच नसतो, हे आपण विसरतो. पुढे जाण्याचा वेग कमी आणि खाली येण्याचा जास्त, असं झालं तर हेलिकॉप्टर आपल्याच पंख्याने ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतं. तेव्हा नुसती ताकद वाढवली तर ते आणखीच खाली जातं. पुढे किंवा बाजूला निसटायचं, तर खाली उंची शिल्लक हवी. ती नसेल तर शहाणपणही उपयोगाचं नाही.

ढगातली गोष्ट आणखी वाईट. आपल्या कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव तोल सांगतो. वळण सावकाश आणि लांबलेलं असेल तर तो फसतो, आणि क्षितिज दिसेनासं झालं की डोळ्यांची साक्षही जाते. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेत कॅलाबासासजवळ हेच झालं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह ९ जण गेले. पायलट नियंत्रण कक्षाला सांगत होता की मी वर चढतोय, आणि हेलिकॉप्टर डावीकडे कलून खाली येत होतं! तो खोटं बोलत नव्हता, त्याचा कान खोटं बोलत होता.

तिथल्या चौकशी मंडळाने ढगात पुढे जाण्याचा निर्णय चुकला असं स्पष्ट लिहिलं. पण ते तिथे थांबले नाहीत. पायलटने स्वतःच स्वतःवर घेतलेलं दडपण, ठरलेला बेत पुरा करण्याचा माणसाचा हट्ट आणि कंपनीची अपुरी देखरेख, हेही लिहिलं. चौकशी म्हणतात ती याला!

उलट उदाहरणही ऐका. २ जून १९९४ ला ब्रिटिश हवाई दलाचं चिनूक स्कॉटलंडच्या मल ऑफ किंटायरवर धुक्यात आदळलं, २९ जण गेले. हेलिकॉप्टरात ब्लॅक बॉक्स नव्हता. मृत वैमानिकाला दोषी धरायचं तर तिळमात्र शंका उरता कामा नये, असा त्यांचाच नियम होता. तरीही १९९५ मध्ये दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. घरचे लोक भांडत राहिले, आणि २०११ मध्ये फेरतपासणीनंतर तो ठपका रद्द झाला. संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. १६ वर्षं! मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं का?

आता आपल्याकडे या. २०२५ च्या चारधाम यात्रेत ८ मे ला गंगनानीजवळ हेलिकॉप्टर पडलं, ६ गेले. प्राथमिक अहवालानुसार उतरताना पंखा वरून गेलेल्या तारेला लागला होता. १५ जूनला गौरीकुंडजवळ दुसरं पडलं, ७ गेले. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंबही होतं. अरुंद दऱ्या, विरळ हवा, घटकेत उतरणारे ढग आणि खाली रांगेत ताटकळणारे यात्रेकरू. अशा ठिकाणी रोज खेपांवर खेपा मारायला लावायच्या, आणि एखाद्या दिवशी ढग आडवा आला की म्हणायचं, पायलट चुकला!

मी आयुष्यभर वह्या तपासल्या. एका मुलाचं गणित चुकलं तर त्याला समजावायचं. पण वर्गातल्या निम्म्या मुलांचं तेच गणित त्याच पायरीला चुकलं, तर मास्तरने आधी फळ्याकडे बघावं. २०२२ च्या ऑक्टोबरातही केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर असंच कोसळून ७ जण गेले होते. तीच दरी, तेच ढग, माणसं फक्त वेगळी. आता तरी फळ्याकडे बघाल की नाही?

‘मानवी चूक’ हे चौकशीचं पहिलं वाक्य असावं, शेवटचं नव्हे. त्याला इतक्या खाली, इतक्या ढगात कुणी आणि कशासाठी नेलं, हे पुढे लिहिलं गेलंच पाहिजे. मानव म्हणजे काय फक्त पुढच्या खुर्चीत बसलेला? वेळापत्रक आखणारा, परवाना देणारा, तिकीट विकणारा, हे काय देव आहेत?

आणि तिकीट काढणारे आपण? माझ्या भाचे-पुतण्यांनो, तुमच्यातले काही जण केदारनाथला निघताय, हे कानावर आलंय. जरूर जा. पण पायलट म्हणाला ‘आज नाही’, तर ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला नमस्कार करा आणि चहा प्या. देव कुठे पळून जात नाही.