क्रेडिटची बँक झाली, पण परतीच्या वाटेचे काय?



या काही वर्षांत कॉलेजात पाऊल ठेवलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, तुझा अपार आयडी काढ, तुझे सगळे क्रेडिट त्यात जमा होतील. दुसरी, शिक्षण मध्येच सोडावे लागले तरी घाबरू नकोस. एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीन वर्षांवर पदवी मिळेल आणि सोडले तरी पुन्हा परत येता येईल. ऐकायला गोड वाटते. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण अर्ध्यावर तुटले, त्याला तर फारच गोड वाटते. म्हणूनच आम्ही इथे एकच प्रश्न विचारत आहोत. परत येता येईल, पण कोणाच्या पैशावर?

आधी योजना नीट समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नियमावली काढली. वर्गात साधारण १५ तास शिकले की एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला ३० तास. वर्षाला किमान ४०, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मिळालेले क्रेडिट बँकेत जास्तीत जास्त ७ वर्षे राहतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याने ३ वर्षांच्या आत परत यायचे आणि एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करायची. महाराष्ट्रात हे स्वायत्त कॉलेजांत आधी आले आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही लागू झाले.

शिकणाऱ्याची नोंद जपावी, त्याने केलेले काम वाया जाऊ नये, याला आमचा विरोध नाही. उलट हा विचार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांचे शिक्षणच त्याचे सर्वात मोठे उदाहरण आहे.

१९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबियाहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. आजच्या भाषेत ही त्यांची 'एक्झिट' होती. जाण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मग बडोद्यातला तो अपमान, नंतर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाची गोष्ट तर याहून लांबची. तिथला अभ्यास १९१६ ला झाला, पण प्रबंध छापून देण्याची अट पुरी होऊन पीएच.डी. हातात पडली १९२७ मध्ये. इतकी वर्षे त्यांच्या नावची नोंद त्या विद्यापीठाने मोडीत काढली नाही.

आता ही उदाहरणे आजच्या नियमाशेजारी ठेवा. दोन्ही पदव्या वेगळ्या, काळ वेगळा, हे आम्ही जाणतो. तरीही १९१७ च्या उन्हाळ्यात सुटलेला आणि १९२० च्या शरद ऋतूत पुन्हा बसलेला विद्यार्थी ३ वर्षांच्या अटीत अगदी काठावर येतो. आणि तो विद्यार्थी बाबासाहेबांसारखा होता! त्याच्यापाशी प्राध्यापकाचा पगार होता, एका राजाचा आधार होता, कर्ज देणारा मित्र होता. आज बीड-जालन्याच्या वस्तीतून आलेल्या, आईबाप सहा महिने उसाच्या फडात असलेल्या पोरीपाशी यातले काय आहे?

बाबासाहेबांना परत येता आले ते तीन गोष्टींमुळे. एक, लेखी आणि पुरेशी मुदत. दोन, कोणाच्या मर्जीवर न टांगलेली नोंद. तीन, पैसा. नव्या धोरणाने पहिली गोष्ट आखूड दिली, दुसरी अर्धीमुर्धी दिली आणि तिसरीबद्दल मौन पाळले.

पैशाचे पाहू. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ १९४४ पर्यंत जाते, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळात. आज तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्या वर घरात आले की मूल शिष्यवृत्तीतून बाहेर. आता खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजला भरायचा. प्रवेश होतो जून-जुलैत, पैसे येतात कधी दिवाळीनंतर, कधी पुढचे वर्ष सुरू झाल्यावर. मधल्या काळात कॉलेजच्या खिडकीवर उभे राहून 'सर, स्कॉलरशिप आली की भरतो' हे वाक्य किती वेळा म्हणायचे, हे ज्याने म्हटले त्यालाच ठाऊक. वसतिगृहात नंबर लागला नाही तर खोलीभाडे आणि मेस वेगळीच. या जाचातून जो बाहेर पडतो, तो एक्झिट 'घेत' नाही. त्याला एक्झिट दिली जाते. आणि क्रेडिट बँकेच्या नियमावलीत क्रेडिटचा हिशेब आहे, पण दोन वर्षांनी परतलेल्याच्या फीचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा हिशेब नाही.

आता नोंदीचे पाहू. क्रेडिट डिजिलॉकरमध्ये दिसतील, असे सांगतात. पण ते तिथे चढवणार कोण? कॉलेज आणि विद्यापीठ. विद्यार्थ्याला स्वतःचे क्रेडिट स्वतः जमा करता येत नाहीत. फी थकली म्हणून निकाल अडवणे, गुणपत्रिका दाबून ठेवणे, टीसी न देणे, मूळ कागदपत्रे ठेवून घेणे, या तक्रारी घेऊन पोरे आमच्याकडे दर वर्षी येतात. वास्तविक, मूळ कागदपत्रे तपासून लगेच परत करावीत, ती ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने २०१८ मध्येच कॉलेजांना बजावले आहे. तरीही खिडकीआडचा माणूस 'वरून ऑर्डर आहे' म्हणतो आणि पोरगे मान खाली घालून परत जाते. कागदाच्या काळात जी खिडकी आपल्याला अडवत होती, तिच्याच हाती आता डिजिटल बँकेची किल्ली आहे.

आणि ते क्रेडिट मिळते कसे? नव्या पद्धतीत अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढले आहे. अनेक ठिकाणी शंभरातले चाळीस गुण वर्गातच ठरतात: चाचणी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, तोंडी, हजेरी. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आडनाव नसते. तोंडी परीक्षेत पोरगे समोर उभे असते, आडनावासकट, बोलीसकट. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये केली. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांतल्या वागणुकीबद्दलच गंभीर तक्रारी मांडल्या होत्या. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या संस्थेत हे होत असेल, तर तालुक्याच्या संस्थाचालकाच्या कॉलेजात काय होत असेल? सर्वच प्राध्यापक तसे नसतात. पोरांसाठी जीव टाकणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. पण हक्क कोणाच्या चांगुलपणावर ठेवायचा नसतो, हे आपण संविधानाकडून शिकलो.

हजेरीचेही तेच. क्रेडिट म्हणजे तास. ज्याला रात्री वॉचमनची ड्युटी करून सकाळी वर्गात यावे लागते, त्याचे तास कमी भरणारच. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. गरीब मुलाने शिक्षण सोडावे आणि सवडीने परत यावे, असा विचार बाबासाहेबांनी केला नाही. त्याला सोडावेच लागू नये, म्हणून त्यांनी कॉलेजचे घड्याळ बदलले.

कोणी म्हणेल, मुले आधीही शिक्षण सोडतच होती. तेव्हा रिकाम्या हाताने जात होती, आता निदान सर्टिफिकेट घेऊन जातील. यात वाईट काय? प्रश्न रास्त आहे. रिकाम्या हातापेक्षा कागद बरा, हे आम्हालाही मान्य. पण या कागदासोबत आणखी एक गोष्ट घडते, ती ओळखा. काल एखादा दलित-आदिवासी विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला दिसला नाही की त्याला 'गळती' म्हणत. गळती हा शब्द कॉलेजला आणि सरकारला जाब विचारतो. आज त्याच विद्यार्थ्याच्या नावापुढे 'सर्टिफिकेटसह एक्झिट' लागेल. हिशेबात तो यशस्वी! कोणी विचारणार नाही की शिष्यवृत्ती वेळेवर आली होती का, वसतिगृह मिळाले होते का, इंटर्नलला त्याला कोणी नापास केले होते का. एका वर्षाचे सर्टिफिकेट घेऊन जाणारे कोण आणि चार वर्षांचे ऑनर्स करून संशोधनाकडे जाणारे कोण, याची जातवार यादी मांडली तर ती उतरंड आपल्याला ओळखीची वाटेल, अशी आमची भीती आहे. ही भीती खोटी ठरली तर आम्हाला आनंदच होईल. त्यासाठी आकडे बाहेर यायला हवेत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक कॉलेजने आणि विद्यापीठाने दर वर्षी प्रवर्गनिहाय जाहीर करावे की किती विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर बाहेर पडले आणि त्यातले किती परत आले. परत येणाऱ्याची शिष्यवृत्ती, फी-माफी आणि वसतिगृहाचा हक्क जिथे तुटला तिथून पुढे चालू राहील, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. शिष्यवृत्ती रखडल्यामुळे ज्याचे शिक्षण सुटले, त्याच्यासाठी ३ आणि ७ वर्षांची मोजणी थांबवावी. शासनाच्या उशिराची शिक्षा विद्यार्थ्याला नको. फी थकली या कारणाने कोणाचेही क्रेडिट बँकेत चढवणे रोखता येणार नाही, असा नियम करावा. आणि अंतर्गत गुणांची विभागणी, कशाला किती आणि का, प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी मिळावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. जे कायद्यात आहे ते आजच वापरता येते. आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कॉलेजसाठी तक्रार निवारण समिती हवी आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल हवा. कागदपत्रे अडवणे, अन्यायकारक मूल्यमापन, जातीवरून भेदभाव, या सगळ्याची तक्रार तिथे करता येते. तुमच्या कॉलेजात ही समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे आधी विचारा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितले आहे. शासकीय आणि अनुदानित कॉलेजांत तो वापरा. तोंडी बोलणे बंद करा. अर्ज द्या, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स जपा. प्रत्येक सेमिस्टर संपल्यावर आपल्या खात्यात क्रेडिट चढले का, ते स्वतः उघडून पाहा, आणि वस्तीतल्या धाकट्या भावंडांनाही पाहायला शिकवा.

आणखी एक काम संघटनांचे. जयंतीची वर्गणी आपण मनापासून काढतो. त्यातला एक हिस्सा दर वर्षी बाजूला ठेवा, आणि वस्तीतल्या ज्या मुला-मुलीने कॉलेज सोडले आहे तिची परतीची फी भरा. तिची ३ वर्षे संपायच्या आत. भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते आपल्या शेकडो मंडळांना आपल्या एका लेकरासाठी करता येणार नाही का?

जय भीम!