वालाला मानवली, तुरीला नाही

तुमच्या अंकात राखेने वाल तरारल्याचं पत्र वाचलं. पत्रलेखकाची जमीन कोकणातली, आंबट. तिथे औष्णिक वीज केंद्राची अल्कधर्मी राख चुन्याचं काम करते, हे मान्य. राखेतलं मॉलिब्डेनमही मुळांवरच्या गाठींना नत्र बांधायला लागतं. पण आमच्या काळ्या जमिनीचा सामू आधीच आठच्या घरात. मी तुरीच्या चार ओळींत राख टाकली, तर खालच्या पानांच्या कडा करपल्या. राखेतलं बोरॉन जास्त झालं की असंच होतं. झाड उपटलं, तर गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्याही नाहीत, आणि चिरल्यावर आत काम करणाऱ्या गाठीचा गुलाबी रंग नाही. राखेची ट्रॉली फुकट मिळाली म्हणून टाकली, हीच माझी चूक! आधी मातीचा नि राखेचाही सामू तपासायला हवा होता. आणि हो, त्या पत्रलेखकाने शेणखत घातल्याचाही ओझरता उल्लेख केलाय. मग वाल नेमका कशाने तरारला?
– एक शेतकरी, भद्रावती तालुका