अदृश्य विष

सेवा-ट्रकवरील पेट्रोल इंजिनाचे जलदाब यंत्र वर्षानुवर्षांची काजळी पाहता पाहता धुऊन काढते. परंतु त्याच इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. म्हणूनच तो अधिक घातक. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९६ साली अन्य सरकारी खात्यांसह दिलेल्या इशाऱ्यात अशी नोंद आहे की, आपल्या शेतावरील शेड अशा यंत्राने धूत असलेला एक शेतकरी अवघ्या अर्ध्या तासात कोसळला व प्राणास मुकला. दारे-खिडक्या उघडल्या म्हणजे भागते, ही समजूतही त्या इशाऱ्याने खोटी ठरविली.

उपाय सोपा आहे. ट्रक मोकळ्यावर, खिडक्यांपासून दूर उभा करावा. आत न्यावी ती केवळ लांब नळी. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. पाण्याचा झोत कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

या दक्षतेचा सारा भार एकट्या कामगारावर टाकणे आम्हांस अन्यायाचे वाटते. लांब नळी पुरविणे मालकाचे काम आहे आणि घाई पुष्कळदा गिऱ्हाइकाची असते. इंजिन आत घेण्यास जो सांगतो, त्यानेच त्या धुराची जबाबदारीही पत्करली पाहिजे.