ऑनसाइट की ऑफसाइट?

आमच्या धंद्यात 'ऑनसाइट' हा शब्द ऐकला की लोकांचे डोळे चमकतात. ऑनसाइट म्हणजे विमान, डॉलर आणि परत येताना ऑफिसात वाटायला चॉकलेटं. पण सुट्ट्या जवळ आल्या की हाच शब्द घरात भांडणं लावतो. इमॅजिकाला जायचं ठरलेलं असतं, मुलं कॅलेंडरवर फुल्या मारत असतात, आणि अडतं एवढ्यावरच: पार्कला लागून असलेल्या हॉटेलात राहायचं, की खोपोली-लोणावळा-पनवेलकडे स्वस्तातलं काहीतरी बघायचं?

यावर माझं मत ठाम आहे, म्हणून म्हटलं या वीकएंडला लिहूनच टाकू.

आधी एक स्पष्ट करतो, मुक्काम प्रत्येक ठिकाणी लागतोच असं नाही. शिर्डीचं वेट एन जॉय वॉटर पार्क नाशिकपासून नव्वदेक किलोमीटर. सकाळी पोहे खाऊन निघा, संध्याकाळी ओले टॉवेल डिकीत टाकून परत या. दर्शनही करायचं असेल तर राहा, शिर्डीत संस्थानच्या भक्तनिवासापासून चकचकीत हॉटेलांपर्यंत सगळं आहे. पण नुसत्या पार्कसाठी तिथे खोली घेणं म्हणजे नाशिक रोडला जायला रिझर्व्हेशन करण्यासारखं झालं.

इमॅजिकाचं तसं नाही. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेलं हे पार्क आहे खोपोली-पाली रस्त्यावर, म्हणजे आपल्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कसाऱ्याचा घाट टळला, हे खरं. पण पुढे भिवंडी आणि शीळफाटा आहेतच, आणि ते कुणाला चुकलेत? एका दिवसात जाऊन-येऊन करणारे बहाद्दर मला माहीत आहेत. दिवसभर उन्हात हिंडून रात्री चार-पाच तास गाडी चालवायची आणि मागे सगळी झोपलेली! पैसे वाचवायच्या शंभर जागा आहेत, ही त्यातली नव्हे. तेव्हा पार्क बघून झाल्यावरच्या रात्री तिथेच कुठेतरी मुक्काम हवा, हे धरून चालू.

आता कुठे? पार्कलगतचं नोव्होटेल २०१५ मध्ये सुरू झालं. पार्कवाले हॉटेल का काढतात याची गोष्ट मजेदार आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते. शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच माणसाने बांधलं, आजूबाजूला मोटेलं उगवली आणि कमाई बाहेरच्यांनीच केली. ते डिस्नेच्या मनाला इतकं लागलं की फ्लोरिडात त्याने गुपचूप सत्तावीस हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. १९७१ मध्ये तिथलं पार्क उघडलं ते स्वतःच्या हॉटेलांसकट. ऑर्लँडोला गेलेल्या मित्रांना विचारा, आजही तिथे डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना इतरांपेक्षा अर्धा तास आधी आत सोडतात. थोडक्यात, आतलं हॉटेल तुम्हाला खोली विकतच नाही, वेळ विकतं. मग आपण फक्त खोलीचे भाव का तोलतो?

बरं, भावही बघू. (हो, मी एक्सेल शीट केली होती. हसू नका.) समजा बाहेरची खोली ३,५०० आणि आतली ८,५००. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे हातात बिल येतं ३,६७५ विरुद्ध १०,०३०. आजी-आजोबा धरून सहा जणांना दोन खोल्या, तर एका रात्रीचा फरक १२,७१० रुपये. लहान आकडा नाही. आणि त्या ७,५०० च्या रेषेवर लक्ष ठेवा. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला! तारीख एक दिवस पुढे-मागे करून भाव रेषेच्या खाली येत असेल तर जरूर करा.

तर या बारा हजारांत मिळतं काय? माझ्या मते एकच गोष्ट: दुपार. पार्कातली दुपार कशी असते आठवा. सकाळचा उत्साह संपलेला, सगळ्यात धाकटं झोपेला आलेलं, रांगा वाढलेल्या. आणि एका बाकावर आपली आई पाच बॅगा, तीन टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेली. "तुम्ही जाऊन या रे, मी बसते इथेच." आपणही जातो. तिने तिकीट काढलेलं असतं, चार तास प्रवास केलेला असतो, बरोबर आणलेल्या दशम्याही तिनेच पहाटे उठून केलेल्या असतात. घरी आल्यावर आपण म्हणतो, सगळ्यांना मजा आली. सगळ्यांना?

म्हणून माझा नियम साधा आहे. जो सगळ्यात कमी राइड्सवर बसणार, खोली त्याच्यासाठी निवडायची. घरात गुडघे दुखणारी आई असेल, बायपास झालेले बाबा असतील, चार वर्षांच्या आतलं मूल असेल, तर आतलं हॉटेल घ्या. दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळाली की संध्याकाळी तीच आई सगळ्यांच्या पुढे असते. सगळे धडधाकट असाल, मुलं दहाच्या पुढची असतील, तर बाहेर राहा आणि वाचलेल्या पैशांत दुसरी ट्रिप करा. दुपारी कुणी परत येणारच नसेल, तर आतल्या खोलीत दिवसभर फक्त एसी आणि बॅगा राहतात.

नाशिककरांना हे समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला यात्रेकरू रामकुंडाजवळची धर्मशाळा शोधतो, आणि कॉलेजातली पोरं मुंबई नाक्याला उतरून रिक्षाने येतात. दोघांचंही बरोबरच आहे.

आता एक मेख. चेक-इन असतो दुपारी दोन-तीनला आणि चेक-आउट सकाळी अकरा-बाराला. बरेच जण आदल्या संध्याकाळी आतल्या हॉटेलात येतात, महागड्या खोलीत नुसते झोपतात आणि पार्कच्या दिवशी सकाळी खोली सोडतात. म्हणजे दुपार, जिच्यासाठी पैसे मोजले, तीच हातातून जाते! उलटं करा. आदली रात्र ठाण्या-पनवेलच्या नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजवर काढा, आतली खोली पार्कच्या दिवशीची घ्या. सकाळी बॅगा रिसेप्शनला ठेवा, दुपारी चावी घ्या, रात्री शांत झोपा, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघा. बुकिंगआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, आणि खोली लवकरात लवकर किती वाजता मिळेल? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर माझा सगळा युक्तिवाद बाद, सरळ बाहेर राहा.

"एवढ्या पैशांत आईला चार दिवस महाबळेश्वरला नेता येईल," असं आमचा एक मित्र म्हणतो. मुद्दा चूक नाही. पण आईला महाबळेश्वर नको असतं, नातवाचं तोंड बघायचं असतं, तो झुल्यावरून उतरतो तेव्हाचं. ते बघायला ती बाकावर बसायलाही तयार होते आणि आपण तिच्या त्या तयारीचाच फायदा घेत असतो.

तेव्हा बुकिंगची साइट उघडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारा, "दुपारी तीन वाजता तू कुठे असशील?" आणि आई "माझं काय, मी बसेन कुठेही" म्हणाली, तर ते उत्तर धरू नका. :-)